कारची टेस्ट ड्राइव्ह नीट कशी घ्यावी? चार गाड्यांची तुलना करण्याची सोपी पद्धत

पहिली कार घ्यायची म्हटलं की आपण काय करतो? दोन महिने मोबाइलवर रिव्ह्यू बघतो, मित्रांना विचारतो, ईएमआय कॅल्क्युलेटर उघडून बसतो. आणि प्रत्यक्ष गाडी चालवून बघायला किती वेळ देतो? दहा-पंधरा मिनिटं. मीही हेच केलं होतं आणि त्यात फसलो. म्हणून हा लेख.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वारज्यात राहतो. आई-बाबा साताऱ्याला असतात. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं बस चालवली, पण घरची चारचाकी कधी झाली नाही. आईचं वेगळंच. तिला गाडी लागते. साताऱ्याहून पुण्याला यायचं म्हटलं तरी ती सकाळपासून काही खात नाही. तर ही गाडी या दोघांसाठी जास्त आणि माझ्यासाठी कमी, असं ठरलं होतं. पाच वर्षांचं कर्ज काढणार होतो.

एका रविवारी संध्याकाळी मी एकटाच शोरूमला गेलो. मागच्या गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारली. एसी फुल, गाणी चालू, शेजारी सेल्समन बोलतोय. बारा मिनिटांत परत. मोठी स्क्रीन आणि सनरूफ बघून २१,००० रुपये भरले आणि बुकिंग केलं. पुढच्या शनिवारी आई-बाबा आले, तेव्हा हौसेने त्यांना डेमो कारमध्ये बसवलं. आई मागे बसली. दहाव्या मिनिटाला गाडी बाजूला घ्यावी लागली. घाट नव्हता, साधा सर्व्हिस रोड होता.

बुकिंग रद्द केलं. पैसे दीड महिन्याने परत आले, तेही २,००० रुपये कापून. पावतीच्या मागे तशी अट छापलेली होती, मी वाचली नव्हती. चूक माझीच.

त्यानंतर मी ऑफिसात जे रोज करतो तेच गाडीसाठी केलं: टेस्टिंग. पद्धत साधी आहे, तुम्हीही करू शकता.

मूळ नियम: इनपुट सारखं ठेवा

दोन गोष्टींची तुलना करायची तर परिस्थिती सारखी हवी. एक गाडी रविवारी मोकळ्या रस्त्यावर एकट्याने चालवली आणि दुसरी सोमवारी ट्रॅफिकमध्ये चार जणांना घेऊन चालवली, तर तुम्ही गाड्यांची तुलना केलीच नाही. रविवार आणि सोमवारची केली.

म्हणून चारही गाड्यांसाठी या पाच गोष्टी मी कायम ठेवल्या:

- रस्ता एकच
- वेळ एकच (सकाळी ११ च्या आसपास)
- माणसं तीच आणि त्यांच्या जागाही त्याच
- एसीचं सेटिंग एकच, गाणी बंद
- नोंद करायचा तक्ता एकच

मी चालवलेल्या गाड्यांना पुढे अ, ब, क, ड म्हणतो. नावं मुद्दाम देत नाही. तुमची उंची वेगळी, तुमचा रस्ता वेगळा, तुमच्या घरची माणसं वेगळी. माझा निकाल कॉपी करू नका, पद्धत कॉपी करा.

टेस्ट ड्राइव्हमध्ये काय कळतं आणि काय कळत नाही?

हे आधी स्पष्ट असलं की वेळ वाचतो.

कळतं: सीट, बाहेरचं दिसणं, क्लच-गिअर, पिकअप, ब्रेकचा अंदाज, खड्ड्यातला दणका, आवाज, मागच्या सीटवरचा आराम, तुमचा फोन नीट जोडला जातो की नाही.

कळत नाही: ॲव्हरेज, गाडी किती वर्षं टिकेल, सर्व्हिसचा खर्च आणि अपघातात गाडी किती वाचवेल.

ॲव्हरेजचा कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढतात, त्यामुळे तो रस्त्यावर तसाच मिळत नाही. दोन गाड्यांची कागदावर तुलना करायला मात्र तो उपयोगी आहे. डेमो कारच्या स्क्रीनवर दिसणारा आकडा तर सोडूनच द्या. ती गाडी दिवसभर एसी चालू ठेवून शोरूमच्या दारात उभी असते.

सुरक्षेसाठी भारत एनकॅपचा रिपोर्ट बघा. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही क्रॅश टेस्ट आपल्याकडे सुरू झाली. समोरची धडक ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतात. मोठ्या माणसांसाठी ३२ आणि मुलांसाठी ४९ गुणांपैकी गुण मिळतात, त्यावरून स्टार ठरतात. नुसते स्टार बघून थांबू नका. मोठ्यांचे आणि मुलांचे गुण वेगवेगळे वाचा, आणि कुठल्या व्हेरिएंटला किती एअरबॅग आहेत तेही तपासा. कंपन्यांना ही टेस्ट ऐच्छिक आहे, त्यामुळे प्रत्येक गाडीचा रिपोर्ट मिळेलच असं नाही.

पायरी १: घरी बसून यादी छोटी करा

चारपेक्षा जास्त गाड्या चालवू नका. पाचवीपर्यंत पहिली कशी होती तेच आठवत नाही.

यादी छोटी करायला "हे नसेल तर गाडी बादच" अशा अटी लिहा. माझ्या अटी: ६ एअरबॅग, ईएससी म्हणजे गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आरामात बसणारी लांबी आणि पगाराला झेपेल इतका हप्ता.

इथे एक गोष्ट माहीत असू द्या. बाजारात ३९९० आणि ३९९५ मिलिमीटर लांबीच्या इतक्या गाड्या का दिसतात? कारण ४ मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनच्या गाड्यांना कर कमी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरपर्यंत लांब आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल कारला १८ टक्के जीएसटी लागतो, त्यापेक्षा मोठ्या पेट्रोल कारना ४० टक्के. म्हणून कंपन्या त्या चार मीटरमध्येच सगळं बसवतात. आणि प्रत्येक जण ते वेगळ्या पद्धतीने बसवतो.

उदाहरण म्हणून हे आकडे बघा:

- मारुती स्विफ्ट: लांबी ३८६० मिमी, व्हीलबेस २४५० मिमी, डिकी २६५ लिटर
- मारुती बलेनो: लांबी ३९९० मिमी, व्हीलबेस २५२० मिमी, डिकी ३१८ लिटर
- ह्युंदाई एक्स्टर: लांबी ३८१५ मिमी, व्हीलबेस २४५० मिमी, डिकी ३९१ लिटर
- टाटा नेक्सॉन: लांबी ३९९५ मिमी, व्हीलबेस २४९८ मिमी, डिकी ३८२ लिटर

गंमत बघा. चौघींमध्ये लांबीला सगळ्यात लहान एक्स्टर, आणि डिकी तिचीच सगळ्यात मोठी. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, सगळ्यात जास्त बलेनोचं. आता मागे बसणाऱ्याच्या गुडघ्याला किती जागा मिळते, हे यातल्या कुठल्याच आकड्यातून सरळ कळत नाही. त्यासाठी जाऊन बसावंच लागतं. कागदाचं काम इथे संपतं.

पायरी २: शोरूमला फोन करा आणि हे आधीच ठरवा

न सांगता गेलात तर जी डेमो कार उभी असेल ती मिळते. तुम्हाला मॅन्युअल हवी आणि चालवायला ऑटोमॅटिक दिली, तर त्या टेस्टचा उपयोग नाही. फोनवर हे विचारा:

1. मला जे इंजिन आणि जो गिअरबॉक्स घ्यायचा आहे तीच डेमो कार आहे का?
2. व्हेरिएंट कुठला? टॉप मॉडेलचे टायर, सीट आणि स्क्रीन वेगळे असू शकतात.
3. मी सांगेन त्या रस्त्याने ४० मिनिटं चालवता येईल का?
4. घरचे तीन जण सोबत असतील, चालेल ना?
5. डेमो कारचा इन्शुरन्स चालू आहे ना, आणि काही घासलं तर खर्च कोणाचा?

पाचवा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचाराच. सही करायला जो फॉर्म देतात त्यात हे लिहिलेलं असतं, तो वाचा. माझ्या बाबतीत तीन शोरूमनी रस्ता मान्य केला. एकाने "आमचा रूट ठरलेला आहे" म्हणून नकार दिला. मग तीच गाडी दुसऱ्या डीलरकडे जाऊन चालवली. एकाच कंपनीचे शहरात अनेक डीलर असतात, हे विसरू नका.

मूळ लायसन्स सोबत ठेवा.

पायरी ३: रस्ता तुमचा हवा

शोरूमचा रूट बहुतेक वेळा सरळ, रुंद आणि गुळगुळीत असतो. त्यावर सगळ्याच गाड्या छान चालतात. माझ्या १४ किलोमीटरच्या रस्त्यात हे सहा तुकडे होते:

- खराब तुकडा: खड्डे आणि ओळीने तीन स्पीड ब्रेकर. ताशी २०-२५ च्या वेगाने.
- चढ: फ्लायओव्हर किंवा टेकडीचा रस्ता. गाडी पूर्ण थांबवून पुन्हा निघायचं.
- ट्रॅफिक: किमान दहा मिनिटं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत.
- मोकळा रस्ता: बायपासला ताशी ८० पर्यंत, जिथे परवानगी आहे तिथेच.
- वळणं: पाच-सहा सलग वळणं. हा तुकडा खास आईसाठी.
- अरुंद जागा: गल्लीत यू-टर्न आणि रिव्हर्स पार्किंग.

तुमच्या गावात फ्लायओव्हर नसेल तर मंदिराचा चढ चालेल, बायपास नसेल तर तालुक्याचा रस्ता चालेल. रोज जिथून जाणार तिथलं सगळं त्यात असलं पाहिजे.

पायरी ४: चावी फिरवण्याआधी दहा मिनिटं

हा भाग मला बाबांनी शिकवला. मी सीटवर बसल्या बसल्या स्टार्ट बटण दाबायचो. बाबांनी पहिल्या गाडीत बसून सीट लावली, आरसे लावले आणि नुसती मान डावी-उजवीकडे फिरवत राहिले. मग म्हणाले, "या खांबामागे अख्खी मोटारसायकल जाते बघ."

समोरची काच आणि दरवाजा यांच्यामध्ये जो तिरका खांब असतो, त्याला ए-पिलर म्हणतात. छत मजबूत राहावं म्हणून तो हल्ली जाड असतो. वळताना नेमका तोच भाग झाकला जातो. हे तपासायला घरच्या कोणाला तरी गाडीच्या उजव्या कोपऱ्यासमोर दहा-बारा पावलांवर उभं करा आणि त्यांना हळूहळू बाजूला सरकायला सांगा. ते किती पावलं खांबामागे लपतात ते मोजा. प्रत्येक गाडीत हेच करा, फरक लगेच दिसतो.

उभ्या गाडीत आणखी हे तपासा:

- क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहतो का?
- सीट मांडीला आधार देते की मांडी अधांतरी राहते?
- डाव्या पायाला टेकायला जागा आहे का?
- मागची काच किती दिसते? मागे तिघे बसलेले असताना बघा.
- आई-बाबांना आत-बाहेर करताना हाताने दार धरून उठावं लागतं का?

बाबांच्या उजव्या गुडघ्याला त्रास आहे. ब गाडीतून उतरताना ते दोनदा थांबले. ते काही बोलले नाहीत, मी तक्त्यात लिहून ठेवलं.

पायरी ५: रस्त्यावर काय बघायचं?

पिकअप: शून्य ते शंभरचा आकडा विसरा. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २० वर गाडी, आत चार जण, एसी चालू, आणि आता चढ. गाडी ओढते की थरथरते? टर्बो इंजिन असेल तर हे नक्की करा. टर्बो एक्झॉस्टच्या हवेवर फिरतो, त्यामुळे कमी आरपीएमला त्याचा जोर लगेच येत नाही. हा उशीर ट्रॅफिकमध्ये जाणवतो, मोकळ्या रस्त्यावर कळतही नाही.

गिअरबॉक्स: ऑटोमॅटिक घेणार असाल तर प्रकार माहीत हवा, कारण टेस्ट त्यानुसार बदलते.

- एएमटी: आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो. क्लच दाबणं आणि गिअर बदलणं हे काम मोटर करते. गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि मान हलते. ट्रॅफिकमध्ये आणि चढावर तपासा.
- सीव्हीटी: ठरावीक गिअर नसतात, पट्टा आणि पुली असते. झटके नसतात, पण जोरात दाबलं की आधी इंजिनचा आवाज वाढतो आणि वेग मागून येतो. ओव्हरटेक करून बघा.
- ड्युअल क्लच: दोन क्लच असतात, पुढचा गिअर आधीच तयार असतो. वेगात छान. अगदी हळू रांगत्या ट्रॅफिकमध्ये कशी वागते ते बघा.
- टॉर्क कन्व्हर्टर: तेलाच्या माध्यमातून जोर पोचतो, म्हणून हळू वेगात गुळगुळीत चालते.

इलेक्ट्रिक असेल तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर गाडी आपोआप मंदावते, त्याला रिजनरेशन म्हणतात. त्याचे सगळे लेव्हल लावून बघा आणि मागे बसलेल्याला विचारा. चालवणाऱ्याला जे मस्त वाटतं ते मागे त्रासाचं होऊ शकतं.

ब्रेक: मागे कोणी नाही याची खात्री करा, सोबतच्यांना सांगा आणि ताशी ४० वरून जरा जोरात ब्रेक लावा. पायाला अंदाज येतो का, गाडी सरळ थांबते का, एवढंच बघायचं. स्टंट करायचा नाही.

आवाज: मोफत डेसिबल मीटर ॲप वापरलं. फोनचा आकडा प्रयोगशाळेइतका अचूक नसतो, पण फोन तोच आणि जागा तीच असेल तर दोन गाड्यांमधला फरक पकडता येतो. ताशी ६०, काचा वर, एसी बंद. दोन-तीन डेसिबलचा फरक असेल तर तो जवळपास नाहीच असं समजा. वेग मात्र मॅपमधला जीपीएसचा धरा. स्पीडोमीटर कमी वेग दाखवणार नाही अशा बेताने बनवलेले असतात, म्हणून ते खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्त दाखवतात आणि हे जास्तीचं प्रमाण प्रत्येक गाडीत वेगळं असतं. फोन अर्थातच शेजारच्याच्या हातात, चालवणाऱ्याच्या नाही.

पायरी ६: मागच्या सीटवर बसा

टेस्ट ड्राइव्हमध्ये सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच. निम्मा रस्ता दुसऱ्याला चालवू द्या आणि तुम्ही मागे बसा.

गाडी का लागते? कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि डोळ्यांसमोर पुढच्या सीटची पाठ स्थिर असते. मेंदूला दोन वेगळे निरोप मिळतात आणि मळमळतं. त्यातही हळू हेलकावे जास्त त्रास देतात. पाच सेकंदांना साधारण एक हेलकावा, म्हणजे ०.२ हर्ट्झच्या आसपास, हा सगळ्यात वाईट. छोट्या खड्ड्यांची खडखड त्यामानाने बरी.

म्हणून गाडी लागणाऱ्या माणसासाठी तीन गोष्टी बघा. मागच्या खिडकीची खालची कड किती उंच आहे? पुढच्या दोन सीटमधून समोरचा रस्ता दिसतो का? आणि वळणावर गाडी किती कलते? "सस्पेन्शन एकदम मऊ आहे सर" हे ऐकायला छान वाटतं, पण मऊ गाडी जास्त हेलकावे खाऊ शकते.

अ गाडीची खिडकी मागे निमुळती होत गेली होती. बाहेरून दिसायला भारी, आईला मात्र आतून जवळजवळ भिंतच. हे मला बारा मिनिटांत कळायचं कारणच नव्हतं, कारण मी मागे बसलोच नव्हतो.

इथे टेस्टिंगमधली एक काळजी घ्या: दिवसाला एकच गाडी. एकदा मळमळायला लागलं की त्याच दिवशी दुसरी गाडी कितीही चांगली असली तरी त्रास होतोच. आई-बाबा त्यासाठी आठवडाभर पुण्यात राहिले.

पायरी ७: फोन जोडा, आणि जाताना पुसून टाका

स्क्रीन किती इंची आहे हे महत्त्वाचं नाही. तुमचा फोन, तुमची केबल घेऊन हे करून बघा: अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले लागतं का, किती वेळात लागतं, वायरलेस असेल तर मध्येच तुटतं का? एक कॉल करा आणि समोरच्याला आवाज कसा येतो ते विचारा. दुपारच्या उन्हात स्क्रीन दिसते का? एसी कमी-जास्त करायला बटण आहे की दर वेळी स्क्रीनवर बघावं लागतं? बेसमेंटच्या अंधारात रिव्हर्स कॅमेरा कसा दिसतो?

आता महत्त्वाचं. ब्लूटूथ जोडताना फोन विचारतो, "कॉन्टॅक्ट शेअर करू का?" डेमो कारमध्ये नाही म्हणा. एका डेमो कारच्या यादीत मला सात जणांचे फोन नावासकट दिसले. परत देताना गाडीच्या सेटिंगमध्ये जाऊन तुमचा फोन डिलीट करा, आणि फोनमधूनही ती गाडी काढून टाका.

पायरी ८: गुण आधी वाटा, गाडी नंतर चालवा

हा माझा सगळ्यात आवडता भाग. कुठल्या गोष्टीला किती महत्त्व हे गाडी चालवण्याआधी ठरवा. नंतर ठरवलं तर आपण आवडलेल्या गाडीला सोयीचे गुण वाटतो. माझे १०० गुण असे होते:

- मागची सीट आणि आराम: ३०
- ट्रॅफिकमध्ये चालवायची सोय: २५
- बाहेरचं दिसणं: १५
- चढावरचा पिकअप: १५
- आवाज: १०
- फोन आणि स्क्रीन: ५

हे लिहिल्यावर माझं मलाच हसू आलं. ज्या स्क्रीनसाठी मी २१,००० रुपये भरून आलो होतो, तिला मी स्वतःच ५ गुण दिले होते.

मागच्या सीटचे गुण आईने द्यायचे, बाहेर दिसण्याचे बाबांनी, बाकीचे मी. शोरूममधून बाहेर पडल्यावर दहा मिनिटांत, एकमेकांना न विचारता. नाहीतर घरात जो मोठ्याने बोलतो त्याचेच गुण सगळे देतात.

निकाल: अ ५४, ब ६१, क ७६, ड ७४.

मग क घेतली का? थांबा. ७६ आणि ७४ मध्ये फरक नाही. हे गुण अंदाजाचे आहेत, दोन गुण इकडेतिकडे सहज होतात. तक्त्याचं काम चारातून दोन काढायचं होतं, ते झालं.

पायरी ९: शेवटच्या दोन गाड्या एक दिवस भाड्याने घ्या

डीलर आपल्याला साताऱ्यापर्यंत गाडी देणार नाही. पण सेल्फ-ड्राइव्ह भाड्याने तेच मॉडेल मिळू शकतं. मी दोन शनिवार दोन गाड्या घेतल्या. भाडं, डिपॉझिट आणि पेट्रोल मिळून खर्च झाला, पण पाच वर्षांच्या हप्त्यापुढे तो काहीच नव्हता. भाड्याची गाडी जुनी आणि वापरलेली असते, त्यामुळे खडखड, क्लच वगैरे गोष्टी तिच्यावरून ठरवू नका. सीट, खिडकी, कलणं, रात्रीचे हेडलाइट हे मात्र नीट कळतं.

क गाडीत खंबाटकी घाट सुरू झाल्यावर आईने डोळे मिटून घेतले ते वर पोचेपर्यंत. त्रास झाला नाही, पण बोललीही नाही. पुढच्या शनिवारी ड गाडीत तोच घाट, तीच वेळ, चालवणारे बाबाच. घाट संपला तेव्हा तिने विचारलं, "चहाला कुठे थांबायचं?"

आम्ही ड घेतली. तिला सनरूफ नाही.

बुकिंग करण्याआधी

- ज्या दिवशी टेस्ट ड्राइव्ह, त्या दिवशी बुकिंग नाही. "ऑफर आजच संपते" म्हणाले तरी नाही.
- बुकिंग रद्द केल्यास किती पैसे कापतात आणि किती दिवसांत परत मिळतात, हे लेखी घ्या.
- ऑन-रोड किंमत फोडून मागा: एक्स-शोरूम, आरटीओ टॅक्स, इन्शुरन्स, ॲक्सेसरीज वेगवेगळं.
- नव्या कारला ३ वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा आहे, पण तो डीलरकडूनच घेण्याची सक्ती नाही. बाहेरचा दर काढून ठेवा.
- आरटीओ नोंदणीआधी गाडी डोळ्यांनी बघा. चेसिस नंबर, किलोमीटर, ओरखडे तपासा. टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. १२२५ म्हणजे २०२५ चा बारावा आठवडा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टेस्ट ड्राइव्हचे पैसे लागतात का?
सर्वसाधारणपणे नाही. आणि दोनदा मागायलाही लाजू नका. मी क आणि ड दोनदा चालवल्या, दुसऱ्यांदा उलट्या क्रमाने.

माझ्याकडे फक्त लर्निंग लायसन्स आहे, चालेल का?
पक्क्या लायसन्सशिवाय शोरूमवाले स्टिअरिंग देत नाहीत. घरातल्या लायसन्स असलेल्या माणसाला चालवू द्या. तुम्ही मागे बसून तक्ता भरा, तेही काम मोठंच आहे.

जुनी गाडी घ्यायची असेल तर हीच पद्धत चालेल का?
हो. त्यात दोन गोष्टी वाढवा: इंजिन पूर्ण थंड असताना स्टार्ट करून बघा, आणि ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या.

घरातल्यांचं एकमत झालं नाही तर?
गुण परत मोजू नका, त्यातून भांडणं होतात. त्या गाडीत सगळ्यात जास्त वेळ कोण बसणार आहे ते बघा, आणि निर्णय त्याला द्या.

तर मित्रांनो, या शनिवारी शोरूमला जाणार असाल तर आधी कागदावर तुमचे १०० गुण वाटून घ्या आणि घरच्या माणसांना सोबत न्या. बाकी सगळं रस्ता सांगेल.